कर्ण्यातली पांढरी पूड

बायको गेल्याचं कळलं तेव्हा तो तिच्याच कर्ण्याच्या भेगेत मेण भरत होता. दवाखान्यातून मुलीचा फोन आला. "बाबा, ये," एवढंच म्हणाली. त्याने आधी मेणाखालचा दिवा विझवला, हात पुसले आणि मगच निघाला. अशा वेळी माणूस काय करील, नेम नाही.

तो संग्रहालयात जुनी वाद्यं दुरुस्त करायचा. बायको तिथेच संशोधक. पूर्वीचे वैदू दमेकऱ्यांना हा लांब लाकडी कर्णा फुंकायला लावत. त्याने खरंच श्वास वाढतो का, हे तिला मोजून पाहायचं होतं. रोग्यांच्या हाती देण्याआधी दीड महिना ती रोज सकाळी स्वतः फुंकत होती. "आधी मी मरते, मग बाकीच्यांचं बघू," म्हणायची आणि खो खो हसायची. मग पोट बिघडलं, हातापायांना मुंग्या आल्या. डॉक्टरांना थांग लागला नाही.

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेतल्या बाई दुरुस्तीच्या खोलीत आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"डॉक्टरांनी ठेवलेले तिचे केस तपासले, मग कर्णा तपासला. आत पांढरी पूड होती का हो?"

"होती. जुना चुना असेल म्हणून ब्रशनं झाडली. वरून मेण फिरवलं."

"चुना नव्हता, सोमल होता, म्हणजे आर्सेनिक. कीड लागू नये म्हणून कुणीतरी कधीकाळी घातलेला. लाकडात मुरलाय. तो ज्या कपाटात होता, त्यातल्या सगळ्याच कर्ण्यांत असणार."

'साफ केलाय, खुशाल फुंक,' असं तोच तिला म्हणाला होता. पण दुसऱ्याच क्षणी त्याला मुलगी आठवली आणि तो बाईंना तिथंच सोडून पळत सुटला.

मुलगी दोन खोल्या सोडून काम करायची. धंदा त्यानेच शिकवलेला. वाद्य गळतंय का ते बघायचं तर रुंद तोंड तळहातानं बंद करायचं, दुसरीकडून तोंडानं हवा ओढायची. जीभ भोकाला चिकटून राहिली की गळती नाही. तो दारात पोचला तेव्हा तिचे ओठ त्याच कपाटातल्या दुसऱ्या कर्ण्याला टेकलेच होते.

"तोंड काढ, ठमे!"

"अरे बाबा! कर्णा आहे, साप नाही."

"विष आहे त्यात. आईला त्यानंच नेलं."

तिनं कर्णा हळूच टेबलावर ठेवला.

"किती वेळा ओढलंस?" त्याने विचारलं.

"मोजलं नाही. आठ-दहादा असेल."

"मुंग्या येतात?"

"उभं राहून राहून येतात त्या."

"कधीपासून?"

"बाबा, ओरडू नको ना."

त्याच दुपारी बाईंनी तिची नखं आणि केस घेतले. लवकर कळलं तर औषध आहे, म्हणाल्या. निकालाला आठ दिवस.

ते दिवस त्याने मुलीच्या हातांकडे बघण्यात काढले. तिच्या हातून चमचा निसटला की याचा घास हातातच राहायचा.

"टक लावून काय बघतोस? जेवू देशील का?" ती एकदा चिडली. मग आवाज उतरवून म्हणाली, "तू नखं दिलीस?"

"देतो."

"कधी? मला शिकवलंस तू. माझ्याआधी वीस वर्षं तूच ओढतोयस."

"देतो म्हटलं ना."

त्याने खरंच नेलकटर हातात घेतलं होतं. पुन्हा ठेवून दिलं. विष निघालं तर पोरीच्या डोक्याला आणखी एक घोर. नाही निघालं तर त्याच्या हातचा कर्णा फुंकून बायको एकटीच गेली. दोन्हीकडून भीतीच.

आज सातवा दिवस. मुलीचा निकाल आलेला नाही. त्याची नखं अजून द्यायची राहिली आहेत.