वैनगंगेकाठची अर्धी सळई

मित्रांनो, मी एक जुनी सळई आहे. खरं सांगायचं तर अर्धीच. उरलेली अर्धी वैनगंगेच्या तळाशी पडली आहे.

माझा जन्म नव्वदच्या दशकात एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत झाला. टायटॅनियम आणि अॅल्युमिनियम एकत्र वितळवलं, आणि पंगतीत बसवावेत तसे दोघांचे अणू ठरल्या पाटांवर बसले. त्यामुळे मी लोखंडाच्या निम्म्या वजनाची आणि लालबुंद आगीतही न वाकणारी झाले. "हिच्यापासून उद्या विमानाच्या इंजिनाची पाती होतील," असं तिथले साहेब म्हणत. पण चाचण्या संपल्या आणि मी भंगारात गेले.

चंद्रपूरच्या भंगारवाल्याकडे कामाला असलेल्या धनराजनं मला वैनगंगेकाठच्या मार्कंड्याला, त्याच्या बहिणीकडे, गोकुळाबाईकडे आणलं. तिचं घाटावर चहा-भज्यांचं दुकान. तिच्या भट्टीवरच्या लोखंडी सळया आगीनं वाकायच्या, कढई कलंडायची. मी बसले आणि कढई हललीसुद्धा नाही. माझं इतकं कौतुक झालं, की वैनगंगेतले मासे डोकी वर काढून मला पाहत. (थोडा मीठमसाला मी लावतेच!) शेजारच्या चिमट्याला मी ऐकवायची, "आम्ही आभाळात उडणारे. आमच्यानं काय होणार नाही?"

श्रावणात नदी चढली. गोकुळाबाईचा नवरा उमाजी मासेमार. त्याचा डोंगा, म्हणजे लहान होडी, बांधायचा खुंटा वाहून गेला, तेव्हा त्यानं थंडगार भट्टीतून मला उपसलं.

"अवो, तिले काऊन नेता? थे चुलीची आहे!"

"आगीले भ्याली नाई, थे पान्याले भिते का? लोखंडाची माय आहे हे!"

दगडाच्या फटीत त्यानं मला घणानं ठोकलं. लोखंड वाकून घाव सोसतं. माझे अणू मात्र थंडीत पाटावरून हलतच नाहीत. आत बारीक चीर गेली. ओरडायला मला तोंड कुठं? डोंग्यानं एक हिसका दिला आणि मी कडकन तुटले. डोंगा, त्यातलं जाळं, सगळं पुरानं नेलं. उमाजी काठाकाठानं हाका मारत धावत राहिला, जणू डोंगा ऐकणार होता.

दगडात अडकून राहिलेली अर्धी मी पुन्हा भट्टीवर आले. उमाजी आता दुसऱ्याच्या डोंग्यावर राबतो. पहाटे भट्टीशी हात शेकायला बसतो. एकदा धनराज म्हणाला, "भाऊजी, फेका ना हा तुकडा."

"राहू दे बाप्पा. तिचा काय कसूर? चुलीच्या बाईले मीच खुंट्याच्या कामाले लावलो."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मित्रांनो, माझ्या जातीची एखादी सळई हाती आली तर तिला आगीत खुशाल ठेवा, पण थंड असताना ठोकू नका. आणि एका कामाच्या कौतुकावर तिला दुसऱ्या कामाला जुंपू नका. गिऱ्हाइकं म्हणतात, सळई आगीनं लाल झाली. पण उमाजी शेकायला बसला, की मी जरा जास्तच लाल होते.