एकोणसाठावी फेरी

अंडं थंडगार होतं. सुनेने ते फ्रिजमधून काढून सासूच्या हातात दिलं आणि सासूची बोटं त्याच्याभोवती मिटेनातच... असं गार अंडं तिच्या हाताला पहिल्यांदा लागलं ते अठ्ठावन्न साली, एका सोमवारी सकाळी, प्रयोगशाळेत. आणि तेव्हा ते गार असायला नको होतं.

"आई, फोडताय की उबवताय?" सून म्हणाली. "आणि त्या पुस्तकवाल्या बाई चारला येतायत, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. आठवडाभर दुसरं काही लक्षातच नव्हतं. डॉक्टरबाईंवर पुस्तक लिहिणारी ती मुलगी फोनवर म्हणाली होती, "त्यांच्या हाताखाली काम केलेल्या तुम्ही एकट्याच उरलात." एकटीच उरले — म्हणजे आता मी सांगेन तेच खरं.

तेव्हा बुळकांडी, गुरांचा तो रोग, गोठेच्या गोठे रिकामे करायची. डॉक्टरबाईंनी तिचा विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवायला घेतला होता. एका अंड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि दर फेरीला तो थोडा थोडा मवाळ होत जाणार — इतका, की शेवटी वासराला टोचला तर रोग न होता संरक्षण तेवढं मिळावं. फेऱ्यांचा हिशोब तिच्याकडे. अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर अंडं धरायचं, आतल्या लाल शिरा जित्या आहेत ना बघायचं, टरफलावर पेन्सिलीने आकडा घालायचा. गोठ्याकडचा शिपाई दारातून विचारायचा, "काय बाई, पोरगं कितवीत गेलं?"

"अठ्ठावन्नावीत. तुमच्यापेक्षा जास्त शिकलंय."

त्या रविवारी पाळी तिची होती. जायचं, उबवणीच्या पेटीची ऊब बघायची, परत यायचं, एवढंच. ती गेली नाही. कारण तरी सांगण्यासारखं असावं... मी केस धुतले होते. वाळवत उन्हात बसले, डोळा लागला, आणि मग उठावंसं वाटलं नाही.

सोमवारी पेटीतला दिवा विझलेला. एकोणसाठाव्या फेरीची चोवीस अंडी, एकातही जिती शीर नाही. बर्फाच्या पेटीत मागचा नमुना होता तो थेट अठ्ठेचाळिसाव्या फेरीचा. डॉक्टरबाई परगावी. तिने तो नमुना नव्या अंड्यांत टोचला, टरफलांवर एकोणपन्नास लिहायचं ते साठ लिहिलं. हात जरासुद्धा कापला नाही, हे तिला अजून आठवतं.

सत्तराव्या फेरीची म्हणून जी लस गावात गेली, ती खरी एकोणसाठाव्या फेरीची होती. संस्थेतल्या दोन धडधाकट वासरांनी ती सोसली होती. गावातली चाळीस वासरं मात्र अर्धपोटी होती — त्यांतली नऊ गेली. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "नोंदी कोण ठेवतं?"

"ही ठेवते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हिच्या नोंदी मी तपासत नाही. घाई झाली असेल तर ती माझी."

ती शेजारीच उभी होती. फरशीकडे बघत.

अंड्यांचं काम बंद झालं. डॉक्टरबाईंची बदली झाली आणि निवृत्तीपर्यंत त्या कुठल्याशा कॉलेजात मुलांकडून हाडांची नावं पाठ करून घेत राहिल्या. बुळकांडी पुढे जगातूनच गेली, दुसऱ्यांच्या लशींनी. ती बातमी ऐकायला त्या नव्हत्या. शिपाई मुलाकडे राहायला गेला, तिकडेच वारला. आणि ती विभागप्रमुख झाली. निरोपाच्या समारंभात तिच्या अचूक नोंदींचं कौतुक झालं, तेव्हा तिने हात जोडले होते.

चारला ती पुस्तकवाली मुलगी आली. चहा निवायच्या आत तिने सगळं सांगून टाकलं, केस धुतल्यापासून.

मुलीचं पेन थांबलं. "डॉक्टरबाईंना कधी सांगितलंत का?"

"नाही."

"पुस्तकात घालू?"

"घाल."

आणि एकदम हलकं वाटलं. इतकं हलकं, की स्वतःच्या धीराचं थोडं कौतुकच... उशिरा का होईना, सांगितलं मी.

"ती वासरं कुणाची होती?" मुलीने विचारलं.

"गावातली."

"हो, पण कुणाची? त्या लोकांना कुणी सांगितलं का, कशाने गेली ते?"

तिने तोंड उघडलं. चाळीस, त्यांतली नऊ, तापाचे रोजचे आकडे — सगळं ओठांवर होतं. नाव मात्र एकही येईना, गावाचंसुद्धा नाही. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, संस्थेच्या पायऱ्यांवर बसलेली एक बाई आठवली. शिपाई सांगत आला होता, "वासराची बाई आलीय, सकाळपासून बसलीय, साहेब भेटत नाहीत म्हणतात, तुम्ही तरी या." आणि ते ऐकून ती स्वतः मागच्या दाराने घरी गेली होती.

डॉक्टरबाईंपुढे तिने मनातल्या मनात रोज मान खाली घातली होती. रोज, न चुकता, पूजेला बसल्यासारखी. या बाईपुढे एकदाही नाही.

"आठवेल तसं सांगा," मुलगी म्हणाली. "घाई नाही."

ती आठवायला लागली. हिरवं पातळ होतं का? की करडं? तोंड तिने बघितलंच नव्हतं.