गोठवलेल्या पालकाची पैज

पिलनामच्या नाकावर माशी बसत नसे, आणि त्या नाकाचा तिला भारी अभिमान होता. शेजारच्या घरात तीळतेल खवट झालं तरी आपल्याला घरबसल्या कळतं, असं ती साऱ्या गावाला सांगे. गाव मान हलवी, कारण न हलवणाऱ्याला ती पुन्हा पहिल्यापासून ऐकवी. नामहे बेटावर समुद्राकडे तोंड करून उतरत गेलेल्या तिच्या वाफ्यांत थंडीत पालक व्हायचा, आखूड देठांचा, मुळाशी लालसर आणि गोड. त्या पालकाबद्दल बोलायचा हक्कही तिनं स्वतःकडेच ठेवला होता.

म्हणून शरदात पितरांना पान वाढायच्या चुसॉकच्या सणाला सून हेजिन शहरातून बर्फाचा डबा घेऊन आली आणि त्यातून पालकाचे हिरवे, दगडासारखे गोळे निघाले, तेव्हा पिलनामनं ते मेलेला उंदीर पाहावा तसे पाहिले.

"हे काय?"

"तुमचाच पालक, आई. थंडीत तुम्ही दिला होता ना, तो. उकळत्या पाण्यातून काढला, लगेच गार पाण्यात टाकला, पिळला आणि गोळे करून गोठवला," हेजिन म्हणाली. गोळे पारदर्शक पिशवीत होते आणि पिशवीवर सुबक अक्षरात 'पालक, नामहे' असं लिहिलेलं होतं. "आत्ता बाजारात पालकाचे भाव ऐकवत नाहीत. घेतला तरी उन्हानं नुसता उंच वाढलेला, चव कुठाय त्याला?"

"पितरांच्या पानावर बर्फ वाढू म्हणतेस? तुझे सासरे आयुष्यभर ताजं जेवले. मेल्यावर त्यांना फ्रीजमधलं खाऊ घालू?"

हेजिन दातांच्या दवाखान्यात नोकरी करायची, त्यामुळे तोंड उघडं ठेवणाऱ्या माणसांची तिला सवय होती. ती शांतपणे म्हणाली, "उद्या संध्याकाळी मी दोन वाट्या भाजी करते. एक बाजारच्या ताज्या पालकाची, एक याची. डोळे मिटून ओळखा. ओळखलीत तर मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही ओळखलीत तर पुढच्या वर्षीपासून सण आमच्याकडे, चांगवॉनला. मला दोन दिवस आधी सुट्टी मिळत नाही, आई. तिथे मी माझ्या पद्धतीनं करीन."

पिलनामनं मनात हिशेब केला. सण गेला की मुलगा-सून इथे कशाला येतील? मग या घरात ती आणि तिचं नाक, दोघंच उरणार. पण जाऊ चुन्जा दारातच उभी होती, कान टवकारून. तिच्यादेखत माघार घेण्यापेक्षा पिलनामनं समुद्रात उडी घेतली असती.

"डोळे कशाला, नाकही मिटते हवं तर," ती म्हणाली. "चुन्जा, तू साक्षीला ये."

रात्री तिनं फ्रीजर उघडला. आत सगळ्या काळ्या पिशव्या, एकावर एक. कुठल्या पिशवीत काय हे फक्त तिलाच ठाऊक, आणि ते तसंच असायला हवं अशी तिची समजूत. त्यात ही नाव लिहिलेली, आरपार दिसणारी पिशवी! चुन्जानं पाहिलं तर गावभर करील. पिलनामनं गोळे काढून एका काळ्या पिशवीत कोंबले. रिकामी पिशवी मात्र तिनं टाकली नाही. आतला माल भिकार असला तरी पिशवी चांगली होती. धुऊन तिनं ती नळावर उलटी वाळत घातली.

सकाळी भिजवलेले तांदूळ आणि फ्रीजरमधून सुकची काळी पिशवी घेऊन ती गिरणीत गेली. सुक म्हणजे दवण्याच्या भाऊबंदातली कडसर रानभाजी. वसंतात डोंगरावरून खुडायची, उकडून, पिळून, गोळे करून ठेवायची आणि चुसॉकला तांदळाबरोबर दळायची. तिचा हात कधी चुकला नव्हता, मग पिशवी उघडून कशाला बघायचं? गिरणीवाल्यानं दोन्ही एकत्र दळलं, हिरवंगार पीठ हाती दिलं.

दुपारी दोघी जावांनी त्याच्या सोंगप्यॉन वळल्या, तिळाचं सारण भरलेल्या इवल्या चंद्रकोरी, आणि पाइनच्या पाल्यावर वाफवल्या. हेजिन मागच्या अंगणात मासे तळत होती.

"यंदा सुक जरा मवाळ लागतोय, जाऊबाई," पाचवी की सहावी तोंडात टाकत चुन्जा म्हणाली.

"तुझी जीभ म्हातारी झालीय. हा वास बघ, आपल्या डोंगराचा. फ्रीजमधल्या पालकाला येईल असा वास?" पिलनामनं एक सोंगप्यॉन नाकाशी धरली, कौतुकानं डोळे मिटले आणि खाल्ली. मग आणखी एक खाल्ली.

संध्याकाळी हेजिननं फ्रीजरमधली उरलेली हिरव्या गोळ्यांची पिशवी काढून पाण्यात ठेवली. गोळे सुटले तशी ती थबकली, पातेलं उचलून सासूजवळ आली आणि तिनं ते समोर ठेवलं. पिलनाम वाकली. कडसर, उग्र वास थेट मस्तकात गेला. शंकेला जागाच नव्हती. सुक इथे होता. म्हणजे सकाळी जे दळलं, जे वळलं, ज्याचा तिनं डोळे मिटून वास घेतला, ते…

तिच्या कानशिलांत रक्त चढलं. इतकी वर्षं पितरांच्या पानावर तिनं वाढला तो सुकही गोठवलेलाच होता, हेही तिला त्याच क्षणी कळलं, आणि त्याचा राग जास्त आला.

"मग? ओळखलात का बर्फाचा पालक?" चुन्जानं चेष्टेनं विचारलं.

हेजिन पातेल्याकडे बघत म्हणाली, "अजून चाखायचाय त्यांनी. पैज राहू दे आता, उशीर झालाय."

सुनेनं आपल्यावर दया करावी? पिलनामला हरणं एक वेळ चाललं असतं, पण हे नाही.

"चाखलाय मी," ती म्हणाली. "तूही चाखलायस, चुन्जा. दुपारपासून बकाबका खातेयस तो पालकच आहे. माझ्या हातानं गिरणीत नेला मी."

चुन्जाचा घास तोंडातच राहिला. मग ती इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. उद्या सकाळपर्यंत हे बेटाच्या पलीकडच्या टोकाला पोचणार, हे पिलनामला स्पष्ट दिसत होतं.

ती उठली. नळावरची पिशवी काढून तिनं हेजिनच्या हातात कोंबली.

"घे. वाळलीय. पुढच्या वर्षी सण तुझ्याकडे." मग पाठ फिरवून ती पातेल्यातला सुक पिळू लागली. "थंडीत येऊन पालक भरून ने. तुम्ही दोघांनी यायचं. मी पार्सल-बिर्सल करणार नाही."