प्रार्थनामंदिराची एकुलती किल्ली

"किल्लीने हात निवडायचा नसतो," कानशीने माझे दात घासता घासता कुलूपवाला म्हणाला होता. "जो फिरवेल त्याच्यासाठी फिरायचं. प्रश्न विचारायचे नाहीत."

तेव्हा मी नुकती घडत होते. प्रश्न सुचणार कुठून? नियम ऐकला आणि गप्प बसले.

मी किल्ली बोलतेय. रस्त्याच्या टोकाला जे बुटकं, पांढऱ्या भिंतींचं प्रार्थनामंदिर आहे, त्याच्या मोठ्या दाराची. पितळेची आहे, करंगळीएवढी, दिसायला अगदी साधी. पण मला जोड नाही. कुलूपवाला म्हणाला होता, "दोन करून देतो, एक हरवली तर दुसरी असू दे." मंडळीतल्या बायकांनी मान हलवली. "दुसरी केली की ती कोणाकडे आहे, याचाच घोर. एकच बरी."

मी कोणाकडे राहायचं, तेही त्यांनीच ठरवलं. उपासना चालवणाऱ्या पाळकांकडे नाही, मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींकडे तर नाहीच. दाराच्या सगळ्यात जवळच्या घरात जी बाई राहते, तिच्याकडे. आणि उघडायची रीत अशी की कोणी ठोठावून विचारलं तर उघडायचं, तो कोण, कुठला, कोणाला मानतो हे विचारायचं नाही. कोणी दरडावलं तर मात्र उघडायचं नाही, मग तो कोणी का असेना.

माझं बहुतेक आयुष्य शिवणकाम करणाऱ्या आत्याकडे गेलं. सगळा रस्ता तिला आत्याच म्हणतो. मी तिच्या गळ्यात मापाच्या फितीशेजारी लोंबकळायचे. एकदा करवसुलीचा साहेब आला आणि मुठीने दार बडवत ओरडला, "ए बाई, ते मंदिर उघड! आत कोण लपलंय ते बघायचंय." आत्याने मशीनवरून मान वर केली नाही. "कॉलर लावतेय साहेब. मधेच सोडली तर वाकडी बसते." तो बराच वेळ उन्हात उभा राहिला आणि निघून गेला. पुढे त्याची बायको आजारी पडली. तेव्हा तोच साहेब दबकत आला, हळूच कडी वाजवली, म्हणाला, "बाई, आत जरा बसू का?" आत्याने कात्री खाली ठेवली आणि मला कुलपात फिरवलं. तो मागच्या बाकावर बसून लहान मुलासारखा रडला. त्याचं आडनावसुद्धा तिने विचारलं नाही.

आत्याची नजर गेली, सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा तिने मला भाचीच्या गळ्यात घातलं. भाची कॉलेज शिकलेली, जिभेने तिखट. वडीलमंडळींतले चष्मेवाले काका, जन्मभर शाळेत हेडमास्तरकी केलेले, तिला म्हणाले, "किल्ली सांभाळायची, पोरी. मतं मांडायची नाहीत." कुलूपवाल्याचाच नियम, फक्त तोंड वेगळं. भाची तेव्हा हसली. मला मात्र ते हसणं जरा धारदार वाटलं.

मग निवडणूक आली.

आमच्या गायकवृंदात एक गृहस्थ होते. आवाज इतका खालचा की बाक थरथरायचे, म्हणून सगळे त्यांना खर्जमामा म्हणत. खर्जमामा निवडणुकीला उभे राहिले. मंडळीला आनंदाचं भरतं आलं. आपला माणूस, आपल्या बाकावर बसणारा! समोरच्या गल्लीतल्या पत्त्यांच्या क्लबवर वडीलमंडळींचा फार दिवसांपासून राग होता. खर्जमामांनी शब्द दिला, "मी आलो की अशा प्रत्येक अड्ड्याची दुसरी किल्ली सरकारी कार्यालयात जमा होईल. वचक बसेल."

वडीलमंडळींतलेच औषधांच्या दुकानवाले काका खूश झाले. म्हणाले, "सभा आपल्याच मंदिरात घेऊ. किल्ली दे गं."

भाची म्हणाली, "काका, इथे देवासमोर बसतात. उमेदवारासमोर नाही."

"अगं, तो देवाचाच माणूस आहे!"

"मग त्याला सरकार कशाला हवंय?"

"बघा! फी भरून कॉलेजात हे शिकवतात." सगळे हसले. पण विचारलं तर उघडायचं, या आत्याच्या शब्दाखातर त्या दिवशी तिने दार उघडलं. सभा झाली, स्तोत्र झालं, घोषणा झाल्या. घोषणांनी माझ्या कुलपाचं आतलं लोखंड बराच वेळ झणझणत राहिलं.

खर्जमामा निवडून आले आणि शब्दाला जागले. क्लबची दुसरी किल्ली गेली. मग एका सकाळी क्लबला बाहेरून सरकारी कुलूप लागलं. चष्मेवाले काका उपासनेनंतर हात चोळत म्हणाले, "झाली ना शांतता?"

शांतता झाली खरी. क्लबमध्ये रोज डाव टाकणारा म्हातारा घड्याळजी आमच्या पायरीवर येऊन बसू लागला. आमच्या भिंतीवरचं घड्याळ तो फुकट दुरुस्त करून द्यायचा. त्याचं भिंग आणि बारीक हत्यारं क्लबातल्या कपाटात अडकली होती. "बेटा, डोळाच आत राहिला माझा," तो भाचीला म्हणाला. "काम कशाने करू?"

भाची त्याला घेऊन कार्यालयात गेली. मी तिच्या गळ्यात होते, म्हणून मी ते पाहिलं. खर्जमामांच्या खुर्चीमागे लाकडी फळी होती, तिच्यावर खुंट्यांच्या ओळी. एका खुंटीवर क्लबची किल्ली लटकत होती, माझ्यासारखीच पितळेची. पण मला भीती वाटली ती तिची नाही. रिकाम्या खुंट्या किती तरी जास्त होत्या.

"पद्धतशीर अर्ज करा, आजोबा," खर्जमामा म्हणाले. आवाज तोच होता, बाक थरथरवणारा. फक्त आता थरथरायला माणसं होती.

घड्याळजीचं भिंग अजून आतच आहे.

त्यानंतर हुकूम आला की माणसं जमतात अशा प्रत्येक जागेची दुसरी किल्ली जमा करावी. त्यात प्रार्थनामंदिरही आलं.

आज दुपारी वडीलमंडळी मंदिरात जमली आहेत. दार आतून लावलेलं आहे, मी कुलपातच आहे आणि भाची दाराला पाठ लावून उभी आहे. आत्या पहिल्या बाकावर, हात मांडीत. वडीलमंडळींत सगळ्यांना एकच हवंय. मला कुलूपवाल्याकडे न्यायचं, माझी जोड करून घ्यायची आणि ती त्या फळीवर टांगायची.

"एवढं काय त्यात?" औषधवाले काका म्हणाले. "खर्ज आपलाच आहे. आपली किल्ली आपल्याच माणसाकडे."

"आज तो आहे. उद्या तो पडेल, काका. खुंटी पडणार नाही."

"मग पुढच्या वेळी चांगला माणूस निवडू."

"किती चांगला? घड्याळजीचं भिंग परत देण्याइतका? क्लबवर खुंटी ठोकली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. त्याच फळीवर शेजारी आपली जागा ठेवली होती, मी बघून आले."

चष्मेवाल्या काकांनी चष्मा काढून पुसला. "अधिकाऱ्यांना मान द्यावा, हे लहानपणापासून शिकलीस ना? मत देतेस की नाही?"

"देते. साहेबाला रस्त्यात नमस्कारही करते. कर भरते. पण मत दिलं म्हणजे देवाच्या दाराची किल्ली दिली, असं नाही." तिचा आवाज चढला. "आपल्या प्रभूला खिळे ठोकले ते काय दरोडेखोरांनी? रीतसर खटला चालवून, अधिकाऱ्याच्या हुकमाने ठोकले. आणि बाहेर गर्दीने हात वर करून हेच तर मागितलं होतं! मी देवाला मानते, काका. म्हणूनच कुठल्याही माणसाच्या हातात इतकं द्यायला घाबरते. खर्जमामाच्या नाही, तुमच्याही नाही. माझ्यासुद्धा नाही. मी फक्त ठोठावलं की उघडते."

"फार झालं! दे ती किल्ली इकडे. हा वडीलमंडळींचा निर्णय आहे."

औषधवाल्या काकांचा हात पुढे आला. बोटांना औषधांचा कडवट वास होता. मला कुलूपवाला आठवला. किल्लीने हात निवडायचा नसतो. खरं आहे, मला निवडता येत नाही. या हातात गेले तर याच्यासाठी फिरेन, त्या फळीवर गेले तर जो उचलेल त्याच्यासाठी. म्हणून तुम्हाला सांगतेय, ज्यांना हात आहेत त्यांना. तुमच्या दाराची किल्ली कोणी मागितली, आणि मागणारा तुमचाच असला, तर आधी त्याच्या मागची भिंत बघून या.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. बुटांचे आवाज पायरीपर्यंत आले. पायरीवर बसलेला घड्याळजी खोकला, मग त्याला कोणीतरी "ऊठ" म्हणालं. दारावर काहीतरी जड आपटलं. माझ्या दातांपर्यंत हादरा आला.

"दार उघडा! कार्यालयाचा हुकूम आहे."

तो आवाज खर्जमामांचा नव्हता. कोणीतरी नवीनच होता.

औषधवाल्या काकांचा पुढे आलेला हात हवेतच राहिला. आत्याने मांडीतले हात उचलले आणि अंदाजाने भाचीकडे तोंड वळवलं. "पोरी," ती हळूच म्हणाली, "कॉलर लावतेस ना?"

"हो, आत्या."

भाचीने मला कुलपातून काढलं, गळ्यात घातलं आणि दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "आत यायचं असेल तर ठोठावून विचारा, कोणालाही उघडते. हुकूम असेल तर नाही उघडणार."

बाहेर बूट पायरीवर घासले. आत वडीलमंडळी एकमेकांकडे बघत होती. मग एकेक करून खाली बघू लागली.

तिच्या छातीची धडधड माझ्या पितळेला लागते आहे. अजून कोणी ठोठावलेलं नाही.