गाडी वाजली की उभं राहायचं

सरकार, खोटा बाप दाखवलात तुम्ही. वर त्या सिनेमाचा कर माफ केलात, शाळाशाळांना फर्मान धाडलंत की बापलेकीची माया आहे, पोरींना घेऊन जा. पडद्यावरचा बाप फटफटीवरून घरी येतो, लेक धावत जाऊन टाकीवर बसते आणि थेटरातल्या बाया पदरानं डोळे पुसतात. पुसू द्या. मंचरच्या त्या थेटरात चौथ्या रांगेत वृषाली बसली होती, तिचं काय झालं ते ऐका.

घोडेगावजवळच्या झेडपीच्या शाळेत ती शिक्षिका. वय छत्तीस. एका बाजूला नवरा गोरख, दुसऱ्या बाजूला नऊ वर्षांची ईश्वरी. पडद्यावर फटफटीचा आवाज आला, गाडी अजून दिसलीही नव्हती, आणि वृषाली ताडकन उठून उभी राहिली.

"ओ ताई, बसा की," मागची बाई म्हणाली. "आमी काय तुमची पाठ बघाया तिकीट काढलंय व्हय?"

वृषाली बसली. लाज वाटली नाही. काहीच वाटलं नाही. शाळेत केंद्रप्रमुखांची गाडी वाजली की हातातला घास डब्यात टाकून ती उभी. घरी गोरख दारात आला की उभी. त्यानं लग्नाच्या नवलाईत सांगून पाहिलं, "अगं बस, मी काय तहसीलदार हाय का?" मग त्यानंही नाद सोडला. लोक कौतुक करायचे, बापाचं वळण हो, हौशीरामचं नाव काढलं पोरीनं.

पण थेटरात आईबरोबर उठलेली ईश्वरी अजून उभीच होती. मक्याच्या लाह्यांचा पुडा छातीशी धरून आईकडं बघत होती, आता बसायचं का म्हणून.

पुढच्या रविवारी तिला घेऊन वृषाली माहेरी, पिंपरी पेंढारला गेली. आई जाऊन चार वर्षं झालेली. हौशीराम ओट्यावर शेंगा फोडत बसला होता. म्हातारा आता मऊ पडलाय. नातीच्या मुठीत दाणे कोंबत म्हणाला, "आल्या का मास्तरीणबाई? जावयाला कुठं हरवलं?"

वृषाली समोर बसली. "तात्या, तुमची गाडी वाजली की आम्ही दोघींनी उभं राहायचं. एकदा आई जेवत बसलेली दिसली, तर तिचं ताट तुम्ही उकिरड्यावर फेकलंत. दिवस मावळेपर्यंत तिला अंगणात उभी केलीत. का?"

"तुझ्या अंगाला कवा बोट लावलं का मी? शिकवली, नोकरीला लागलीस."

"नाही लावलं. शिकवलंत. ते विचारत नाही मी." हजेरी घ्यावी तशी ती बोलत होती. राग नाही, रडू नाही.

हौशीरामनं मांडीवरची टरफलं झटकली. "लई बोलाया लागलीस. ईश्वरी, जा गं, पाणी आण आजोबाला."

पोर उठली. वृषालीनं तिचा फ्रॉक धरून तिला खाली बसवलं.

"माझं झालं ते झालं. आता ही उभी राहायला लागलीय. पाणी देते मी, पण आधी सांगा, तात्या. आम्ही बसलेल्या असतो, तर तुमचं काय जात होतं?"