दहा नंबरचं माप

मी शिंपीण आहे आणि माझा माझ्या टेपवर जेवढा विश्वास आहे तेवढा माणसांवर नाही. नाही म्हणजे आता नाही. आधी होता, आणि त्याचीच तर ही गोष्ट आहे.

कॉलेजच्या फुटबॉल टीमचे कपडे अकरा वर्षं मीच शिवतेय. टीमचा कोच म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता, त्याला मीच वाढवला. शाळेच्या चड्ड्यांपासून त्याचं सगळं माझ्याच मशीनवर झालंय. आणि तीन वर्षांपासून टीमचा दहा नंबर म्हणजे माझा पोरगा. त्यामुळे प्रत्येक मॅचला मी मैदानाच्या कडेला सुईदोऱ्याचा डबा घेऊन बसते. कुणाची बाही उसवली, कुणाची नाडी तुटली, की पोरं धावत येतात, मावशी, जरा बघा ना. मीही दोन शिव्या घालून टाका घालते.

यंदाचा हंगाम काय सांगू तुम्हाला. पहिल्या दोन मॅच अशा हरलो की भाऊ आठवडाभर तोंड लपवत फिरत होता. मग पोरं पेटली. ओळीनं सात मॅच जिंकल्या, त्यात अकरा गोल एकट्या माझ्या पोराचे. फायनलला मोठ्या क्लबची माणसं पोरं निवडायला येणार होती, आणि त्याचं हे शेवटचं वर्ष. ही एक मॅच तो नीट खेळला की क्लबात गेला, नाहीतर बापासारखा गोदामात खोकी उचलत बसणार. बापाला तर इतकं टेन्शन की आठ दिवस त्याला धड जेवण गेलं नाही. ताट तसंच सरकवायचा आणि उठायचा.

सेमीफायनलला दहा नंबरची जर्सी पाठीवर टरकली. मी म्हटलं रफू करते, तर भाऊ म्हणाला, नवीच शिव, आणि मापाची चिठ्ठी मशीनवर ठेवली. खांदा सोळा, छाती छत्तीस. मला हसू आलं. माझ्या पोराचा खांदा अठरा, छाती चाळीस, झोपेतून उठवून विचारा. मी विचारलंसुद्धा, अरे, आपल्याच पोराची ना ही? तर म्हणतो कसा, "दहा नंबर दुसरा कोण आहे, ताई?" आणि अर्धा चहा तसाच टाकून निघून गेला. एवढी वर्षं शिंपिणीच्या घरात वाढला पण मेल्याला माप घेता येत नाही, असं म्हणत मी चिठ्ठी केरात टाकली आणि माझ्या मापानं जर्सी शिवली. आकड्याला तर दुहेरी टीप मारली. क्लबच्या माणसांना लांबूनही दिसला पाहिजे ना.

फायनलला मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. टीम मैदानात आली, दहा नंबर पाठमोरा दिसला, आणि मला वाटलं पोरगा एका दिवसात वाळला की काय. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, बाह्या कोपराच्या खाली. मग त्यानं तोंड वळवलं. तो कॉलेजच्या अध्यक्षांचा पोरगा होता, सगळा हंगाम बाकावर बसून काढलेला. आणि आता बाकावर माझा पोरगा होता, ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढून.

पहिला हाफ मी काय पाहिला मला विचारू नका. एवढंच आठवतं की समोरचा गडी सारखा त्या ढगळ जर्सीला धरून त्याला मागे खेचत होता. गोल कुणाचाच झाला नाही. हाफटाइमला भाऊ त्या पोराला घेऊन माझ्यापाशी आला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, ताई, दोन्ही बाजूंनी जरा आत घे.

"चिठ्ठी कुणाच्या मापाची होती?" मी विचारलं.

मग सुरू झालं त्याचं. अध्यक्षांनी गळ घातली, नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती, तुला सांगणारच होतो. मी म्हटलं, कधी, मी मेल्यावर? टाका घालायच्या आधी डबा गटारात फेकीन म्हणून सांगितलं त्याला. तेवढ्यात माझा पोरगा उठून आला. आई, घाल टाके, पोरं हरतील, म्हणाला. मला भडभडून आलं. मी म्हटलं, अरे, सख्ख्या मामानं तुझा केसानं गळा कापला आणि तू त्याचीच बाजू घेतोस?

तो बुटाच्या टोकाकडे बघत म्हणाला,

"मला आठ दिवसांपासून माहीत आहे, आई. मामा हात जोडायला लागला. बाबांनाही माहीत आहे."

"आणि मला?"

"तुला सांगितलं असतं तर जर्सी शिवली असतीस का?"

मी त्या परक्या पोराला जवळ ओढलं आणि सवयीनं खांद्याला टेप लावली. बरोबर सोळा. भावानं मला दिलेलं तेवढंच एक खरं निघालं. मी टाके घातले, चांगले पक्के घातले, वाईट काम मला येतच नाही. पोरगं थँक्यू मावशी म्हणून पळालं. त्याचा काय दोष.

दुसऱ्या हाफमध्ये त्यानंच गोल केला आणि आम्ही जिंकलो. क्लबच्या माणसानं वहीत काहीतरी लिहून घेतलं. भाऊ हात पसरून माझ्याकडे येत होता, तेव्हा मी डबा उचलला आणि चालू लागले. मापं आता दुसरीकडे द्यायची, एवढं जाता जाता सांगितलं.

घरी नवरा दारातच उभा होता. जिंकलो का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, जिंकलो. माझ्या हातातला डबा त्यानं घेतला, जागेवर नेऊन ठेवला, आणि पाठ माझ्याकडे असतानाच त्यानं विचारलं, "आपला कसा खेळला?"

माहीत असून विचारलं.