झाकण उचललं आणि...

“कहानी अर्धी रायली तं मुठीतले तांदूळ खाली ठेवाचे नाही. अन् आपली कहानी आपणच वाचाची नाही. दुसऱ्याच्या तोंडून आयकाची, बाई.”

श्रावण लागला की माझ्या सासूबाईंचा, मनकर्णाबाईंचा, हा आवाज अजून कानात येतो. त्या होत्या चांदूर रेल्वेकडच्या. साधं बोलल्या तरी हुकूम वाटायचा. त्या गेल्यावर शेजारच्या साधनाताई मला रोजची कहाणी वाचून दाखवत. यंदा त्या मुलाकडे अकोल्याला राहायला गेल्या. आता वाचणार कोण? नेम कधी मोडला नव्हता. घरात दिवसभर मी, आणि शाळेतून आल्यावर चौथीतली नात रागिणी. सून प्रणाली बँकेतून येते तेव्हा दिवेलागण झालेली असते.

मी रागिणीलाच विचारलं. ती मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती.

“आजी, तुले तं पाठ हाय. मंग मी कावून वाचू?”

“दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची असते.”

“असं कोन म्हनलं?”

“तुझ्या पणजीनं.”

“ते तं फोटोत हाय!” म्हणाली, पण उठली. माझ्या मुठीत तांदूळ पाहून तिला गंमत वाटली असावी.

मराठी ती बोट ठेवून वाचते. जोडाक्षर आलं की अडखळते, वैतागते. कहाणीतल्या सुनेला एक झाकलेलं मडकं मिळालं होतं. उघडू नको, अशी सासूची ताकीद होती. रागिणीनं वाचलं, “एके दिवशी तिनं झाकण उचललं आणि...”

तेवढ्यात फाटकातून तिच्या मैत्रिणीची, दामिनीची हाक आली, “रागे, चाल ना वं! टिक्करबिल्ला आखला!” पुस्तक पाटावर उपडं टाकून पोरगी पळालीसुद्धा.

मी तशीच बसून राहिले. मूठ उघडता येईना. शेवटी पुस्तक काखेत घेतलं, चपला घातल्या आणि आमच्या ले-आउटच्या वसाहतीतल्या मैदानात गेले. लग्नानंतर मी त्या मैदानाच्या कडेनंच जात आले. आत पहिल्यांदा शिरले. पोरी मातीत चौकोन आखून एका पायावर फरशीचा तुकडा सरकवत होत्या. मला पाहून खेळ थांबला.

“आजी, मुठीत काय हाय?” प्रतीक्षानं विचारलं.

“कहाणी संपल्याशिवाय दाखवता येत नाही.”

“कावून?”

“रागिणी अर्ध्यातून पळाली म्हणून.”

सगळ्या तिच्याकडे वळल्या. “का वं, पळपुटे!” दामिनी म्हणाली. रागिणीचे कान लाल झाले. “मी नाई पळाली. तूच तं बोलावलं!” असं म्हणत तिनं माझ्या काखेतलं पुस्तक ओढलं आणि कडुनिंबाखाली फतकल मारली. पोरी भोवती बसल्या. मडक्यात काय असेल? दामिनी म्हणाली साप, प्रतीक्षा म्हणाली लाडू. रागिणीनं पुस्तक छातीशी धरलं, कुणाला डोकावू दिलं नाही. तिलाही ठाऊक नव्हतं. मग वाचू लागली. जोडाक्षराला अडखळली, पण थांबली नाही.

मडक्यात नुसतं पाणी होतं. पाण्यात सुनेला माहेरचा उंबरठा दिसला. सासूला कळलं तशी ती रागावली.

“मंग सासू कावून रागावली?” दामिनीनं विचारलं.

मी ही कहाणी दर श्रावणात ऐकत आले. हा प्रश्न मला कधी सुचला नाही. “माहीत नाही गं,” मी म्हणाले.

“तिले वाटलं असन, पोरगी माहेरी पळून जाईन,” रागिणी म्हणाली. त्यावर इतका वाद झाला की माझी मूठ सगळ्या विसरल्या. मीच उघडली.

“तांदूळ? एवढंच?” असं म्हणून हसल्या, आणि मलाही चौकोनात उभं केलं. एका पायावर मी दोन घरं पार केली. तिसऱ्याला पदर सावरताना रेघेवर पाय पडला. “आजी आऊट!”

निघताना प्रतीक्षानं विचारलं, “उद्या पन वाचशीन?”

“श्रावण संपेपर्यंत रोज. आजीचा नेम हाय. खेळण्याच्या आधी इथंच वाचीन,” रागिणी म्हणाली.

जेवताना प्रणालीनं सांगितलं, “उद्यापासून हिचा अबॅकसचा क्लास आहे. संध्याकाळी पाच ते सात.”

“मम्मी, मंग कहानी?”

“सुट्टीत वाच, सुट्टीत खेळ. गणित कच्चं आहे तुझं. आई, तुम्हीच सांगा हिला.”

प्रणाली पोरीच्या भल्याचंच पाहत होती. माझा नेम पोरीच्या डोक्यावर का ठेवावा? “राहू दे बेटा,” मी म्हणाले. “मी देवाला सांगेन.” रागिणी भाताची शितं बोटानं ताटात फिरवत राहिली.

सकाळी मी तुळशीपाशी फुलं वेचत होते. शाळेची बस यायला बराच वेळ होता. एरवी रागिणीला उठवायला हाका मारून घसा बसतो. आज दार किलकिलं झालं. ती बाहेर आली, केस विंचरलेले नव्हते. काखेत पुस्तक, चपला हातात. आईच्या खोलीकडे एकदा पाहून तिनं माझ्याकडे बोट केलं आणि मग मैदानाकडे.

फाटकाची कडी आवाज न करता काढली, चपला घातल्या आणि दामिनीला उठवायला निघाली.